पावसाळ्यात पिशवीतल्या मॅशची गोडी घटते : दोष भरडीचा, माल्टचा की पाण्याचा?

खाडीकाठ (वेंगुर्ला) : १४ जुलै, रात्री

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून एक छोटी परवानाधारक मायक्रोब्रुअरी चालवतो. नवी पाककृती थेट मोठ्या टाकीत घालणे परवडत नाही, म्हणून त्याच परवान्याच्या जागेत, नोंदवहीत रीतसर नोंद करून, आम्ही आधी २२ लिटरचा चाचणीचा घाणा काढतो. या घाण्यासाठी मॅशची, म्हणजे भरडलेले माल्ट (मोड आणून सुकवलेले धान्य) गरम पाण्यात मुरवून त्यातल्या स्टार्चची साखर करण्याची, वेगळी टाकी नाही. चाळीस लिटरचा स्टीलचा टोप आहे आणि गावातल्या शिंप्याकडून पडद्याच्या बारीक पॉलिएस्टर जाळीची शिवून घेतलेली एक मोठी पिशवी आहे. सगळे पाणी एकदम टोपात तापवायचे, पिशवी आत सोडायची, तिच्यात भरडलेले माल्ट घालायचे, तासाभराने पिशवी उचलून निथळू द्यायची आणि खाली उरलेले गोड पाणी (वर्ट) त्याच टोपात उकळायचे, एवढी साधी ही रीत आहे. वरून पाणी ओतून चोथा धुणे आम्ही करत नाही.

मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये या रीतीने चार घाणे उत्तम निघाले. प्रत्येक वेळी ४.५ किलो पेल माल्ट आणि अर्धा किलो गव्हाचे माल्ट असे एकूण ५ किलो धान्य आणि २९ लिटर पाणी घेतले होते. पाणी ७० अंशांपर्यंत तापवून धान्य घातले की मॅश ६७ अंशांवर स्थिरावतो, मग गॅस बंद करून टोपाला घोंगडी गुंडाळली की तासाभरात दीड अंशापेक्षा जास्त उतरत नाही. पिशवी काढल्यावर २६ लिटर वर्ट मिळत असे आणि त्याचे गुरुत्व (पाणी १.००० धरून मोजलेली घनता; साखर जास्त तितके ते जास्त) १.०४२ येई. तासभर उकळून ४ लिटर पाणी उडाले की २२ लिटर, १.०५० असा हिशेब चोख जमत होता.

जून संपता संपता आणि जुलैच्या सुरुवातीला काढलेल्या दोन घाण्यांत मात्र वर्ट तेवढेच २६ लिटर मिळूनही उकळण्यापूर्वीचे गुरुत्व १.०३५ वर अडकले आणि शेवटी हाती १.०४१ आले. पाककृती तीच, पिशवी तीच, गिरणीच्या दोन रुळांमधली फटही मार्चमध्ये लावली तीच, म्हणजे १.२ मिलिमीटर. माल्टचे पोतेसुद्धा तेच आहे. मार्चमध्ये उघडलेले, तोंड सुतळीने बांधून कोठीच्या खोलीत ठेवलेले. तापमापक मी बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासला, तो शून्य आणि शंभर बरोबर दाखवतो. गुरुत्व मोजताना नमुना स्टीलच्या पेल्यात खोलीच्या तापमानापर्यंत निववूनच हायड्रोमीटर सोडतो. मॅशच्या शेवटी आयोडीनचा थेंब टाकला तर वर्टला निळा रंग येत नाही, म्हणजे स्टार्च उरलेला नाही असे मी समजतो. मग ही गोडी गेली कुठे? भावाचे म्हणणे असे की आम्ही पिशवी पुरेशी पिळत नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.


दर्यावर्दी (मुरूड) : १५ जुलै, सकाळी

आपल्या भावाचे म्हणणे मला रास्त वाटते. पिशवी नुसती टांगून ठेवली तर किलोमागे जवळपास लिटरभर वर्ट चोथ्यातच राहते, आणि जाड रबरी हातमोजे घालून पिळली तर ते अर्ध्या लिटरपर्यंत खाली आणता येते. पिळल्याने टरफलांतला तुरटपणा उतरतो अशी भीती अनेकांच्या मनात असते, मात्र तो तुरटपणा दाबामुळे येत नाही. पाणी फार तापले, म्हणजे ७७ अंशांच्या वर गेले, आणि पीएच ६ च्या आसपास पोचला, की टरफलांतले टॅनिन सुटते. त्यामुळे निःशंक पिळावे.

शिवाय २९ लिटरपैकी ५-६ लिटर पाणी बाजूला काढून दुसऱ्या पातेल्यात ७५ अंशांना तापवून ठेवावे आणि उचललेली पिशवी त्यात दहा मिनिटे बुडवून हलवावी. चोथ्याला चिकटलेली साखर त्या पाण्यात उतरते आणि ते पाणी मुख्य टोपात ओतता येते. माझा अनुभव असा आहे की एवढ्याने गुरुत्व दोन-तीन अंकांनी (१.०४२ म्हणजे ४२ अंक) सहज वाढते.


माल्टकरी (अलिबाग) : १५ जुलै, दुपारी

दर्यावर्दी यांनी सांगितलेली धुण्याची युक्ती उपयोगाची आहे आणि टॅनिनविषयी त्यांनी लिहिले आहे तेही बरोबर आहे. तरीही खाडीकाठ यांचा रोग तो नव्हे, आणि हे त्यांनीच दिलेल्या आकड्यांवरून सिद्ध होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या पद्धतीत सगळे पाणी पहिल्यापासून धान्यासोबतच असते. नीट ढवळलेले असेल तर पिशवीच्या आतले वर्ट आणि बाहेरचे वर्ट एकसारखेच गोड असते. त्यामुळे पिशवी पिळल्याने वर्टचे प्रमाण वाढते, पण गोडी वाढत नाही. चक्का टांगलेल्या फडक्यातून सुरुवातीला गळणारे पाणी आणि शेवटी पिळून काढलेले पाणी वेगळ्या चवीचे नसते, तसेच हे आहे. आपल्याला मार्चमध्ये २६ लिटर मिळाले आणि जुलैमध्येही २६ लिटरच मिळाले, म्हणजे पिळण्यात फरक पडलेला नाही. प्रमाण तेच राहून गुरुत्व ४२ वरून ३५ वर आले असेल तर साखर चोथ्यात अडकलेली नाही, ती मुळात तयारच झालेली नाही.

आता किती व्हायला हवी होती ते पाहू. चांगल्या माल्टच्या एका किलोपासून सुमारे ३०० अंक (गुरुत्वाचे अंक गुणिले लिटर) मिळू शकतात, म्हणजे ५ किलोचे १५००. २९ लिटर पाण्यात एवढी साखर विरघळली की द्रवाचे आकारमान साखरेमुळे थोडे वाढून ३१ लिटरांच्या पुढे जाते, म्हणून मॅशमध्येच मिळू शकणारे कमाल गुरुत्व १.०४८ च्या आसपास येते. मार्चमध्ये आपल्याला ४८ पैकी ४२ मिळाले, ते कामचलाऊ म्हणता येईल. जुलैमध्ये ४८ पैकी ३५ मिळाले, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक स्टार्च जसाच्या तसा राहिला. तो चोथ्याबरोबर गेला असणार, आणि चोथा कुणाच्या म्हशीने खाल्ला असेल तर तिचा जुलै चांगला गेला असणार.

आयोडीनने आपल्याला फसवले, कारण आपण वर्ट तपासले. वर्टमध्ये आलेल्या स्टार्चची साखर झालेली असतेच. जो स्टार्च दाण्याच्या जाड तुकड्यांत कोंडलेला आहे, ज्याच्यापर्यंत पाणी आणि विकर (स्टार्चची साखर करणारी माल्टमधली एन्झाइम) पोचलेच नाहीत, तो वर्टमध्ये दिसणार कसा? चोथ्यातला एक जाडसर तुकडा उचलून नखाने फोडावा आणि त्याच्या पांढऱ्या गाभ्यावर थेंब टाकावा. टरफलावर टाकू नये, टरफल आयोडीनने तसेही काळपट दिसते.

माझा संशय सरळ आपल्या पोत्यावर आहे. मार्चमध्ये उघडलेले, सुतळीने बांधलेले, आणि जुलैत वेंगुर्ल्याच्या हवेत. घरात पापड, कुरमुरे आणि मीठ यांची जी गत होते तीच माल्टची झालेली आहे : ते सादळले आहे. कारखान्यातून माल्ट निघते तेव्हा त्यात ४ ते ५ टक्के पाणी असते आणि म्हणूनच रुळांमध्ये सापडले की दाणा तडकतो, आतले पीठ आणि रवा मोकळा होतो. सादळलेला दाणा तडकत नाही. तो रबरासारखा दबतो, चपटा होतो आणि रुळांपलीकडे जवळजवळ अख्खाच पडतो. वरवर पाहिले तर भरडल्यासारखा दिसतो, म्हणून डोळ्यांनी कळत नाही.

याची परीक्षा तीन प्रकारे करता येईल. पहिली दाताने : चार दाणे दाढेखाली धरावेत, कोरडे असतील तर कडकन फुटतात आणि सादळलेले असतील तर चिवट लागतात. दुसरी अशी की भरड ताटात पसरून त्यातले शंभर दाणे सरसकट उचलावेत आणि त्यांपैकी न फुटलेले किती ते मोजावेत. तिसरी परीक्षा तराजूची आहे. १०० ग्रॅम माल्ट मिक्सरवर बारीक करून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवावे आणि कोरडे असतानाच पुन्हा तोलावे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी होते.

एका गोष्टीचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो. दळण्यापूर्वी माल्टवर मुद्दाम एक-दोन टक्के पाणी शिंपडून, टरफल चिवट करून मग भरडण्याची एक चांगली रीत आहे. तीत ओलावा फक्त टरफलात जातो, कारण शिंपडल्यापासून काही मिनिटांतच दाणे रुळांत जातात आणि गाभा कोरडाच राहतो. आठवडेच्या आठवडे दमट हवेत मुरलेला ओलावा गाभ्यात गेलेला असतो. या दोन गोष्टी एक नव्हेत.

गिरणीची फटही कमी करावी लागेल. १.२ मिलिमीटर हे माप ज्यांच्याकडे खाली चाळणी असलेली टाकी आहे त्यांच्यासाठी आहे, कारण तिथे अख्ख्या टरफलांचा थर हीच गाळणी असते. भरड फार बारीक झाली तर तो थर गच्च बसतो आणि वर्ट गळेनासे होते. आपल्याकडे गाळण्याचे काम कापड करते. तेव्हा ०.८ ते ०.९ मिलिमीटरपर्यंत निर्धास्त यावे, आणि हवे तर दोनदा भरडावे. पिशवीच्या रीतीचा खरा फायदा हाच आहे आणि आपण तो घेतलेलाच नाही. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात ही रीत रूढ केली तेव्हापासून तिचे बळ बारीक भरडीत आहे.


जांभ्याची विहीर (रत्नागिरी) : १५ जुलै, रात्री

मी रसायनशास्त्र शिकवते आणि पाण्याचे नमुने तपासण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे पाण्याची बाजू मांडते. माल्टकरी यांचे निदान मुख्य आहे असे मलाही वाटते, परंतु त्यांच्या उत्तरात पाण्याचा उल्लेख आलेला नाही आणि जून-जुलैमध्ये आपल्याकडे पोत्याइतकीच विहीरही बदलते.

जांभ्या दगडातले पाणी मुळातच मृदू असते. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याला जे कॅल्शियम मिळते ते जांभ्यात मिळत नाही. त्यात पाऊस सुरू झाला की विहीर काठोकाठ भरते आणि जे थोडे क्षार उन्हाळ्यात साठलेले असतात तेही पातळ होतात. असे पाणी प्यायला उत्तम आणि डाळ शिजवायलाही उत्तम, पण मॅशला ते अपुरे पडते. माल्टमधल्या फॉस्फेटशी कॅल्शियमचा संयोग होतो तेव्हा आम्लता वाढते, म्हणजेच पीएच उतरतो. कॅल्शियम नसेल तर नुसत्या पेल माल्टचा पीएच ५.७ ते ५.८ वर राहतो, तर विकरांना ५.२ ते ५.६ ही कक्षा मानवते. पिशवीच्या रीतीत सगळे पाणी एकदम असल्याने मॅश पातळ असतो आणि पाण्याचा प्रभाव आणखी वाढतो, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे पीएच मोजण्याचे यंत्र असेल तर धान्य घातल्यानंतर पंधरा मिनिटांनी पळीभर वर्ट काढावे, निववावे आणि मोजावे. गरम वर्टमध्ये यंत्राचे टोक बुडवू नये, आकडाही चुकतो आणि टोकही लवकर निकामी होते. पीएच ५.६ च्या वर आला तर २९ लिटर पाण्यात ३ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालावे. १ ग्रॅम जिप्समने एवढ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम आणि १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडने ९ मिलिग्रॅमच्या थोडे वर कॅल्शियम वाढते, म्हणजे दोन्ही मिळून ५० च्या पुढे जाता येते. उरलेला फरक लॅक्टिक आम्लाने भरून काढावा, मात्र मिलिलिटरने मोजून. आपली विहीर खाडीला लागून असेल तर उन्हाळ्यात तिला मचूळपणा येत असेल. त्या दिवसांत कॅल्शियम क्लोराइड वगळून फक्त जिप्सम वापरावे, क्लोराइड तिथे आधीच भरपूर असते.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते. आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु त्यातल्या क्लोरीनचा माल्टमधल्या फिनॉलशी संयोग होऊन बिअरला दवाखान्यासारखा वास येतो, आणि एकदा आलेला तो वास कशानेही जात नाही. पावडर टाकल्यानंतरच्या आठवड्यात पाणी आदल्या रात्री दहा-पंधरा मिनिटे उकळून, उघडे ठेवून मगच वापरावे.


खाडीकाठ (वेंगुर्ला) : १८ जुलै, सायंकाळी

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपण टीसीएलविषयी लिहिले ते वाचून मी आधी ग्रामपंचायतीत चौकशी केली. आमच्या विहिरीत २ जुलैला पावडर पडली होती आणि दुसरा घाणा ४ जुलैचा आहे. त्याला येणारा वास मी यीस्टच्या माथी मारत होतो.

आता परीक्षांचे निकाल. दाढेखाली दाणा फुटलाच नाही, आदल्या दिवशीच्या शेंगदाण्यासारखा मऊ लागला. भरडीतल्या शंभर दाण्यांपैकी १७ पूर्ण अख्खे निघाले आणि साधारण तेवढेच नुसते चपटे झालेले होते. चोथा फेकून झाला होता, त्यामुळे गाभ्यावर आयोडीन टाकून पाहता आले नाही. उघड्या पोत्यातले १०० ग्रॅम माल्ट ओव्हनमधून काढल्यावर ९०.६ ग्रॅम भरले. त्याच खोलीत, आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेले एक न उघडलेले पोते होते, ते फोडून पाहिले तर १०० चे ९५.३ झाले. एकाच खोलीतल्या दोन पोत्यांत पाण्याचा हा दुपटीचा फरक पाहून आम्ही दोघेही काही वेळ तराजूकडेच बघत राहिलो.


माल्टकरी (अलिबाग) : १८ जुलै, रात्री

साडेनऊ टक्के म्हणजे फार झाले. यातून दुसराही एक हिशेब निघतो. आपण ५ किलो तोलता तेव्हा त्यात पूर्वीपेक्षा सुमारे पाव किलो जास्त पाणी असते आणि तेवढेच धान्य कमी असते. एवढ्यानेच मॅशचे कमाल गुरुत्व ४८ वरून साडेपंचेचाळीसच्या आसपास उतरते. सात अंकांची जी तूट आपण पाहत होता त्यातले दोन-अडीच अंक असे नुसत्या वजनात गेले. उरलेले भरडीने आणि पाण्याने खाल्ले.

ते पोते फेकून देऊ नये. माल्ट मोठ्या परातींत बोटभर जाडीचे पसरून ओव्हनमध्ये ४५ ते ५० अंशांवर काही तास ठेवावे आणि मधून मधून वरखाली करावे. कोरड्या दाण्यातले विकर एवढ्या उष्णतेला दाद देत नाहीत, कारखान्यात पेल माल्ट शेवटी ८० अंशांच्या आसपास सुकवलेले असतेच. घाई करून थेट मोठ्या आचेवर मात्र ठेवू नये, ओला दाणा एकदम तापला तर विकरांचे नुकसान होते. वास कुबट येत असेल, दाण्यांना जाळे लागले असेल किंवा बुरशीचा ठिपका दिसत असेल, तर मात्र त्या माल्टचा मोह धरू नये आणि ते गुरांनाही घालू नये.


सुपारीबाग (गुहागर) : १९ जुलै, सकाळी

चर्चा फार उपयुक्त आहे. माझ्याकडे मोठा टोप आहे आणि अशी पिशवीही शिवून घेता येईल. घरच्या घरी, केवळ घरातल्या चौघांपुरता, दहा लिटरचा घाणा काढायचा झाल्यास धान्य आणि पाणी निम्मे घेतले तर चालेल का?


माल्टकरी (अलिबाग) : १९ जुलै, सकाळी

प्रमाण निम्मे केले तर मॅश चालेल, परंतु घरी बिअर करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते दहा लिटर असो की विक्रीसाठी नसो. खाडीकाठ यांनी पहिल्याच परिच्छेदात परवान्याचा आणि नोंदवहीचा उल्लेख केला आहे तो त्याचसाठी.

तरीही पिशवी शिवून घ्यायला हरकत नाही. यीस्ट घालण्यापूर्वीपर्यंतची सगळी कृती ही निव्वळ धान्याची साखर करण्याची कृती आहे आणि गोड वर्ट हे मद्य नव्हे. आपल्याकडे नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात. ते नाचणीचे माल्टच आहे. मोडाच्या नाचणीची भरड पिशवीत घालून ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून पाहावी. साखरेचा कणही न घालता पाणी गोड होते आणि त्याच दिवशी गरम गरम प्यायला छान लागते. उरवून मात्र ठेवू नये, कोकणच्या हवेत दुसऱ्या दिवशी ते आपोआप आंबू लागते.


दर्यावर्दी (मुरूड) : १९ जुलै, दुपारी

माल्टकरी यांचा मुद्दा मला मान्य आहे. पिळण्याने गोडी वाढत नाही, हे आकड्यांनिशी मांडल्यावर स्वच्छ दिसते. माझ्या घाण्यांत गुरुत्व वाढत होते ते धुण्यामुळे, आणि मी श्रेय दोन्हींना देत होतो.

बारीक भरडीबाबत माझ्याकडून एक सावधगिरी सांगतो. फट कमी केली की पीठ वाढते आणि पाण्यात पडताच त्याच्या गाठी होतात, विशेषतः गव्हाचे माल्ट सोबत असेल तर. पिठल्यासाठी बेसन लावताना जसे एक हात वैरत असतो आणि दुसरा ढवळत असतो, तसे दोघांनी मिळून करावे. एकाने धान्य हळूहळू सोडावे आणि दुसऱ्याने लांब दांड्याच्या झाऱ्याने तळापासून ढवळत राहावे. आतून कोरडी राहिलेली गाठ म्हणजे पुन्हा तोच न पिकलेला स्टार्च. पिशवी उचलतानाही घाई करू नये. ५ किलोची ओली पिशवी सुरुवातीला दहा किलोंच्या घरात असते. आमच्याकडे माडीच्या तुळईला कप्पी बांधली आहे आणि दोर अडकवायला भिंतीत खुंटी आहे, त्यामुळे पिशवी टोपावर निथळत असताना हात मोकळे राहतात. आणि टोपाच्या तळाशी मोदकपात्राची भोकांची ताटली उपडी ठेवावी. मॅश चालू असताना पुन्हा गॅस पेटवावा लागला तर पिशवी तळाला चिकटून वितळत नाही.


खाडीकाठ (वेंगुर्ला) : २८ जुलै, रात्री

दोन घाणे काढले, त्यांचे निकाल नोंदवतो. कारणे वेगवेगळी कळावीत म्हणून सगळे एकदम बदलले नाही.

पहिल्या घाण्यात तेच सादळलेले माल्ट न सुकवता घेतले. गिरणीच्या रुळांमध्ये फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पट्टी) घालून फट ०.९ मिलिमीटर केली आणि दोनदा भरडले. पहिल्या फेरीत चाड्यातून दाणे सावकाश उतरत होते आणि हँडल जड जात होते. हाताला लागलेले पीठ भुरभुरीत नव्हते, दमट होते. पाण्यात काहीच घातले नाही. पीएच ५.७ आला. मॅशच्या शेवटी चोथ्यातले चार तुकडे फोडून आयोडीन लावले, त्यांपैकी एकाच्या गाभ्यात निळा ठिपका दिसला. गुरुत्व १.०३९. म्हणजे केवळ भरडीने चार अंक परत मिळाले.

दुसऱ्या घाण्याला नवे कोरडे पोते वापरले, फट तीच ठेवली, एकदाच भरडले. या वेळी दाणे तडतडत गेले, तो आवाजच वेगळा आहे आणि मार्चमध्ये तो येत होता हे आता आठवते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड ३-३ ग्रॅम घातले तेव्हा पीएच ५.५५ झाला, मग ३ मिलिलिटर लॅक्टिक आम्लाने ५.४ वर आला. पाणी आदल्या रात्री उकळून ठेवले होते. गाभ्यात कुठेही निळे नाही. पिशवी उचलण्यापूर्वी आणि नंतर असे दोन्ही वेळा गुरुत्व मोजले, दोन्ही वेळा १.०४४. भाऊ पिशवी पिळत होता, त्याच्यासमोर पिळून निघालेल्या शेवटच्या पेलाभर वर्टचे वेगळे गुरुत्व घेतले, तेही १.०४४. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात वाद उरला नाही. उकळून २२ लिटर, १.०५२.

जुने पोते परातींत सुकवणे चालू आहे. आता एक शेवटची अडचण : कॉटनची नसूनही पिशवीला या दिवसांत कुबट वास राहतो. गरम पाण्याने धुऊन पडवीत टांगतो, पण दोन-दोन दिवस ती वाळत नाही.


जांभ्याची विहीर (रत्नागिरी) : २९ जुलै, सकाळी

पिशवी उलटी करून शिवणींतला चोथा आधी पूर्ण काढावा, वास तिथूनच येतो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात तासभर भिजवावी, दोन-तीन पाण्यांतून काढावी आणि पडवीत न टांगता चुलीच्या वर किंवा फ्रिजच्या मागच्या उबेला वाळवावी. साबण किंवा सुगंधी पावडर लावू नये, शिवणीत राहिलेला साबण बिअरचा फेस मोडतो. वापरण्यापूर्वी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात धरली की पुरे; मॅशनंतर वर्ट तासभर उकळायचेच आहे, त्यामुळे पिशवी निर्जंतुक असण्याची गरज नाही, स्वच्छ असली म्हणजे झाले.


माल्टकरी (अलिबाग) : २९ जुलै, दुपारी

आकडे वाचून फार समाधान वाटले. १.०४४ म्हणजे ४८ पैकी ४४, यापुढे हात लावण्यासारखे फारसे काही उरत नाही.

साठवणीबद्दल एवढेच सुचवतो की पुढल्या वर्षी आगोटीच्या खरेदीत माल्टही धरावे. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, चार महिन्यांना पुरेल एवढे माल्ट आणून रबरी कडा आणि लोखंडी पट्टीचे झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भरावे. एकच मोठे पिंप न घेता एका घाण्याला पुरेल एवढ्या लहान पिंपांत भरले तर प्रत्येक वेळी एकच उघडते आणि बाकीच्यांना जुलैची हवा लागत नाही. झाकणावर खडूने भरल्याची तारीख आणि त्या दिवशीचे ओव्हनमधले वजन लिहून ठेवावे. पिंपे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत, जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर.